बजीच्या पिल्लाचे पाय फाकले तर पट्टी बरी का स्पंज

पिंजऱ्यात घरट्यासाठी ठेवलेल्या मडक्यात हात घालून पिल्लू बाहेर काढलं आणि ते पोटावर सपाट पडलंय, दोन्ही पाय दोन बाजूला बेडकासारखे, हे ज्यांनी बघितलंय त्यांच्यासाठी लिहितोय. (बजी म्हणजे पिंजऱ्यात पाळतात तो छोटा रंगीत पोपट, आमच्याकडं दुकानात त्यालाच लव्हबर्ड म्हणतात.) का होतं ते माहीतच असेल, मडक्याचा तळ गुळगुळीत, भुसा घातलेला नसतो नाहीतर मादी उकरून बाहेर टाकते, वर ती घट्ट बसते, आणि समुद्रफेस वगैरे कॅल्शियमचं काही मिळालेलं नसेल तर हाडं मऊच राहतात. पण आता पिल्लू हातात आहे, आणि पाय मेडिकलच्या कागदी पट्टीनं बांधायचे का स्पंजात घालायचे एवढंच ठरवायचंय. मी दोन्ही केलंय, बेळगावात वडगावला घरीच, दोन पावसाळे.

आधी वय बघा, निम्मं तिथंच ठरतं. पिल्लू दहा दिवसाचं होईतोवर डोळे उघडतात आणि महिन्याच्या पुढं ते मडक्याबाहेर येतं. जे काय करायचं ते पहिल्या तीन आठवड्यात, हाड वळतंय तोवर. चार आठवड्यांच्या पिल्लाला मीही बांधून बघितलं होतं, काहीसुद्धा फरक पडला नाही, उगाच जिवाला त्रास. आणि पाय सुजलेला असेल किंवा एकच पाय लोंबत असेल तर घरी काही बांधू नका, मोडलेला असू शकतो, डॉक्टरला दाखवा.

पट्टीचा मोठा फायदा म्हणजे पिल्लू परत मडक्यात जातं. दोन्ही पायांना इंग्रजी 8 सारखी पट्टी फिरवायची, मधे पिल्लू नीट उभं राहिलं तर जेवढं अंतर पडेल तेवढं ठेवायचं, की झालं, पुढं भरवायचं काम आईबापच करतात. सात-आठ दिवसाचं इवलंसं पिल्लू असेल तर मी पण पट्टीच म्हणेन, त्याच्यापेक्षा स्पंजच मोठा होतोय.

पण जुलैत बेळगावात धुतलेले कपडे चार चार दिवस वाळत नाहीत तिथं पट्टीचं काय होणार सांगा. वरून मडक्यातली विष्ठा. दुसऱ्या दिवशी एका पायावर पट्टी सैल आणि दुसऱ्यावर आवळलेली, डिंकाला भुसा चिकटून काळा चिखल. बारा दिवसांच्या पिल्लाला बांधलेली पट्टी चौदाव्या दिवशी बदलायला काढली तर डिंक घोट्याच्या कातडीला धरून बसलेला, कोमट पाण्यातला कापूस लावत लावत मी अर्धा तास बसलो, आणि तरी शेवटचा तुकडा निघताना मोहरीच्या दाण्याएवढी कातडी बरोबर आलीच. ते पिल्लू जे ओरडलं ते अजून कानात आहे. तेल लावलं तर डिंक सुटतो पण तेल पिसांना लागतं आणि मग पिल्लू गारठतं. पट्टीखाली कापूस घाला असं कुणी सांगेल, घातला होता, तो भिजून फुगला आणि जास्तच आवळलं. आणि हे सगळं दर दोन दिवसांनी करायचं. माझं मन तिथंच फिरलं.

शेजारी हातमागवाले काका आहेत, ते म्हणाले, "अरे सूत बांध की, कशाला एवढं करालास!" काकांनी चांगल्या मनानंच सांगितलं, पण सूत नको, बारीक धागा कातडीत रुततो आणि पिल्लू वाढत असतं त्यामुळे दोन दिवसात बोटं काळीनिळी पडू शकतात.

स्पंज म्हणजे पावडर लावायचा मऊ मिळतो ना, बांगड्यांच्या दुकानात, तो. भांडी घासायचा खरखरीत नको. पिल्लाच्या अंगापेक्षा थोडा रुंद कापायचा, दोन भोकं पाडायची, भोकांमधलं अंतर सरळ पायांएवढं, आणि कडेपासून भोकापर्यंत चीर द्यायची म्हणजे पाय ओढून घालावा लागत नाही, बाजूनं सरकतो. मागं शेपटीखाली एक खाच कापा, नाहीतर विष्ठा स्पंजातच मुरते. डिंक नाही, त्यामुळे काढताना काही ओढलं जात नाही, घाण झाला की नवा, दोन मिनिटाचं काम. बोटांचा रंग मात्र दिवसातून दोन-तीनदा बघायचा, फिकट किंवा निळसर दिसला तर भोक लगेच मोठं करायचं.

त्रास यातही आहे, लपवत नाही. मडक्याच्या तोंडातून स्पंजवालं पिल्लू जात नाही, आणि आमच्या नरानं तर स्पंजाचे तुकडे तोडायला सुरुवात केलेली. मग टॉवेल घातलेला डबा, वर पिवळा बल्ब, आणि दिवसातून चार-पाचदा पिल्लू मादीजवळ नेऊन समोर बसून राहायचं, भरवून झालं की परत डब्यात. दिवसा आई बघायची म्हणून जमलं. घरी दिवसभर कुणीच नसेल तर कदाचित पट्टीच सोयीची पडेल, तेवढं मान्य करतो.

बोटं वाकडी असतील, मुठीसारखी मिटलेली, तर तिथं मात्र पट्टी चांगली. पुठ्ठ्याचा तुकडा कापून बोटं त्यावर पसरून वरनं पट्टी, चप्पल घातल्यासारखी. नखांचं म्हणाल तर पिल्लांची सहसा कापावीच लागत नाहीत, पेरूची कमीजास्त जाडीची फांदी लावा आणि दांडीवर चढवायचं ते सॅंडपेपरचं कव्हर आणू नका, त्यानं तळवे सोलतात.

स्पंजवालं पिल्लू तेरा दिवसांचं असताना घातलेलं, सहाव्या दिवशी काढलं तर थरथरत का होईना पण पाय पोटाखाली घेऊन बसलं. डावा पाय अजून जरा बाहेर पडतो, दांडीवर बसल्यावर दिसतो. पट्टीवाल्याचे पायही सरळ झाले, खोटं कशाला बोलू, पण त्याच्या घोट्यावर अजून खूण आहे आणि हात जवळ नेला की ते पाय आखडून घेतं.