मुंबईच्या काळ्या खडकांसाठी सहा स्टॉपचा एनडी फिल्टर

वांद्र्याचा बँडस्टँड असो की मढ-मनोरीचा किनारा, खडकांचे फोटो काढायला निघालेल्यांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: एनडी फिल्टर, म्हणजे प्रकाश अडवून शटर जास्त वेळ उघडं ठेवू देणारी गडद काच, सहा स्टॉपचा घ्यावा की दहाचा? एकच घ्यायचा असेल, तर सहाचा. कडेवर एनडी६४ किंवा १.८ असं छापलेला, लेन्सवर फिरवून बसवायचा गोल, पितळी रिंगचा. हे परीक्षण या प्रकारच्या फिल्टरचं आहे. ब्रँड कोणता, हा त्यानंतरचा प्रश्न.

आधी हिशेब. एक स्टॉप म्हणजे प्रकाश निम्मा, त्यामुळे सहा स्टॉपचा हा फिल्टर प्रकाश ६४ पट कमी करतो. सूर्य क्षितिजाला टेकत असताना आयएसओ (कॅमेऱ्याची प्रकाशसंवेदनशीलता) १०० आणि एफ/११ (लेन्सच्या छिद्राचं माप) वर शटरचा वेळ साधारण १/३० सेकंद मिळतो. फिल्टर चढवला की त्याचे २ सेकंद होतात. सूर्यास्तानंतर वीसेक मिनिटांनी फिल्टर नसतानाच १ सेकंद लागतो, फिल्टरसह मिनिटभर. म्हणजे एकाच संध्याकाळी, फिल्टर न बदलता, २ सेकंदांपासून एका मिनिटापर्यंतची सगळी मजल हाताशी येते. त्याच दोन वेळांना दहा स्टॉपचा फिल्टर अर्ध्या मिनिटापासून सुरू होतो आणि सतरा मिनिटांवर जातो. तेवढ्यात उजेडही गेलेला असतो आणि पाण्याची पातळीही बदललेली असते.

पण खरं कारण खडकातच आहे. बँडस्टँडचा बेसॉल्ट काळा, खरबरीत आणि भेगाळलेला. लाट मागे फिरते तेव्हा या भेगांमधून फेसाचे पांढरे धागे खाली ओघळतात, आणि काळ्यावर पांढऱ्या अशा त्या रेषांमुळेच खडकाचा चढ-उतार डोळ्यांना कळतो. अर्धा ते दोन सेकंदांत हे धागे शाबूत राहतात. चार सेकंदांत ते एकमेकांत मिसळू लागतात. तीस सेकंदांत सगळ्याचं धुकं होतं. कोकणात दक्षिणेकडे, पाणी निवळ असतं तिथे, ते धुकंही सुंदर दिसतं. मुंबईचं पाणी गढूळ, त्याचा नुसता करडा पत्रा होतो आणि खडक त्यावर ठेवल्यासारखे सुटे दिसतात. मनोरी-गोराईकडे ट्रॅकाइट हा दुसरा ज्वालामुखीय खडक आहे, सुमारे ६ कोटी वर्षांपूर्वीचा. हवेपाण्याने झिजलेला त्याचा पृष्ठभाग फिकट, तपकिरी छटेचा. तिथे फेस आणि खडक यांच्यातला फरक मुळातच कमी, त्यामुळे रेषांचा आग्रह सोडून ६ ते ८ सेकंद दिले तरी चित्र बिघडत नाही.

विकत घेताना फोर्टातल्या बोरा बाजारात कॅमेऱ्याच्या दुकानांची रांग आहे. तिथेच ट्रायपॉड मागून घ्या आणि काउंटरवरच तपासणी करा. पांढऱ्या कागदाचा एक फोटो फिल्टरशिवाय १/६० ला, दुसरा फिल्टरसह १ सेकंदाला. अ‍ॅपर्चर, आयएसओ आणि व्हाइट बॅलन्स (रंगछटेची सेटिंग) तेच, व्हाइट बॅलन्स ऑटोवर अजिबात नको. दोन्ही हिस्टोग्राम (फोटोतल्या उजेड-अंधाराचे आलेख) एकमेकांवर बसले तर फिल्टर खरोखर सहा स्टॉपचा. दुसऱ्या फोटोत कागद किंचित उबदार किंवा निळसर आला तर चालतं, रॉ, म्हणजे कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेल्या फाइलमध्ये ते एका झटक्यात निघतं. तांबूस-जांभळी झाक आली तर फिल्टर परत द्या. दिसणारा प्रकाश अडतोय पण अवरक्त (इन्फ्रारेड) प्रकाश आत शिरतोय, असा त्याचा अर्थ. ही झाक काळ्या दगडाच्या सावल्यांत बसते आणि काही केल्या नीट जात नाही. काचेतच रंग असलेल्या स्वस्त फिल्टरांत हा दोष जास्त आढळतो, धातूचा लेप असलेल्यांत कमी. कमी-जास्त होणारा व्हेरिएबल एनडी मात्र या कामासाठी नकोच. १६ मिमीसारख्या रुंद लेन्सवर, गडद टोकाकडे फिरवला की आकाशात मोठी काळी फुली उमटते, आणि ती दुरुस्त होत नाही.

वापरायची पद्धत सोपी, पण क्रम चुकवू नका. चौकट ठरवा, खडकावर फोकस करा, फोकस मॅन्युअलवर टाका, मीटरचं वाचन घ्या आणि मग फिल्टर चढवा. झूम लेन्स असेल तर फिल्टर फिरवताना झूमची रिंगही सरकते. त्यामुळे शेवटी चौकट पुन्हा बघा. लेन्सवर कायम बसवलेला यूव्ही फिल्टर आधी काढा, नाहीतर रुंद टोकाला चारही कोपरे काळे येतात. आरशाचा डीएसएलआर असेल तर मागची आयपीस झाका, मिनिटभराच्या एक्स्पोजरला तिथूनही उजेड शिरतो. स्टॅबिलायझर बंद. ट्रायपॉडची सर्वांत खालची, बारीक नळी आधी पूर्ण उघडा, म्हणजे तिचं लॉक खारट पाण्याच्या आणि वाळूच्या वर राहतं. बॅग मधल्या हुकाला टांगायची झाली तर ती खडकाला टेकलेली असावी. वाऱ्यात झुलणाऱ्या बॅगेने दोन सेकंदांचा फोटो हलतो.

या फिल्टरचा खरा शत्रू खारा तुषार. समोर सूर्य असताना काचेवरचा एकच थेंब फोटोत वाटाण्याएवढा पुसट, उजळ डाग होतो, आणि तो नेमका काळ्या खडकावर पडला की झाकता येत नाही. कोरड्या कापडाने घासलंत तर मिठाचे कण लेपावर चरे पाडतात. गोड्या पाण्याची छोटी बाटली जवळ ठेवा, आधी पाणी ओतून मीठ जाऊ द्या, मग मायक्रोफायबरने टिपा. घरी गेल्यावर रिंगचे आटेही धुवायचे. अ‍ॅल्युमिनियमची रिंग मिठाने लेन्सला घट्ट चिकटते, म्हणूनच पितळेचा आग्रह. अडकलीच तर रिंगवर जाड रबरबँड गुंडाळा आणि पंजा सपाट ठेवून फिरवा. बोटांच्या चिमटीत दाबलंत तर रिंग अंडाकृती होते आणि आणखीच आवळते.

फिल्टर कोणत्या दिवशी कामाला येईल, हे तिथीवर ठरतं. पाऊणपटीचा हिशेब किनाऱ्यावर चालत आलेला आहे: तिथीला पाऊणाने गुणलं की पूर्ण भरतीची ढोबळ वेळ मिळते. पंचमीला पावणेचार, अष्टमीला सहा. अमावास्या-पौर्णिमेला उधाणाची भरती दुपारी बाराच्या आसपास, म्हणजे ऐन सूर्यास्ताला समुद्र दूर ओसरलेला. दगडांची रचना आणि डबक्यांतलं आकाश टिपायला ती संध्याकाळ उत्तम. फिल्टर मात्र पिशवीतच राहील. चतुर्थी ते षष्ठी या तिथींना सहाच्या सुमारास पाणी ओसरत असतं, तरी खडकांना भिडत असतं. फेसाचे धागे याच संध्याकाळी मिळतात, आणि उतरतं पाणी चढत्यापेक्षा कमी धोक्याचं. एकादशी-द्वादशीला उलटं होतं: अंधार पडताना पाणी चढत असतं, आणि बँडस्टँडवर ते पुढून यायच्या आधी पाठीमागच्या खोलगट चरांत भरतं. त्या दिवशी पुढच्या खडकांवर जाऊच नका. निघण्यापूर्वी छापील भरती-ओहोटीचं कोष्टक बघा, पाऊणपटीत तासाभराचा फरक पडू शकतो. हिरवं शेवाळ असलेल्या दगडावर ट्रायपॉडचे रबरी पाय सरकतात, आणि तोल सांभाळायला हात टेकला तर कालवांच्या कडा कापतात. पावसाळ्यात ही जागा सोडाच.

मापाबद्दल: तुमच्याकडच्या सर्वांत मोठ्या लेन्सच्या मापाचा, बहुधा ७७ मिमीचा, फिल्टर घ्या आणि ६७ च्या लेन्ससाठी स्टेप-अप रिंग (लहान लेन्सवर मोठा फिल्टर बसवणारी रिंग) वापरा. मग त्या लेन्सचं हूड (ऊन अडवणारी कड) बसत नाही, ही एक अडचण उरते. तिरप्या उन्हात हाताने सावली धरावी लागते. दहा स्टॉपचा फिल्टर दुसरा म्हणून घ्या, तोही भर उन्हात काम करणार असाल तरच. दुपारी एफ/११ ला १/२५० येतो, सहाच्या फिल्टरने त्याचा जेमतेम पाव सेकंद होतो, दहाच्या फिल्टरने चार.