टेंटॅकल सिंक ई: दिवाळी ते शिमगा वापरल्यावर

टेंटॅकल सिंक ई म्हणजे कॅमेरे आणि रेकॉर्डर यांना एकच टाइमकोड (प्रत्येक फ्रेमचा वेळेचा आकडा) देणाऱ्या छोट्या डब्या, म्हणजे चित्र आणि आवाज नंतर जुळवता येतात. दिवाळीत त्यांचा सेट घेतला, शिमगाही होऊन गेला, आता लिहायला हरकत नाही. आमचं काम सिंधुदुर्गात, माहितीपटांचं. मालवण-देवबागकडे रापणीची मासेमारी, कुडाळ-वेंगुर्ल्याच्या जत्रांत दशावतार. कॅमेऱ्यांची खिचडी: सोनी एफएक्स६, ब्लॅकमॅजिक पॉकेट ६के आणि टाइमकोडची सोयच नसलेला एक मिररलेस. आवाज वेगळ्या रेकॉर्डरवर.

चित्र-आवाज जुळवायला रापणीत क्लॅप मारणार कुठे आणि कोणासाठी? होडी जाळं सोडत अर्धगोल फिरून येते, किनाऱ्यावर दोन टोकांना माणसं दोर ओढत असतात. कॅमेरे एकमेकांना दिसतसुद्धा नाहीत. पहाटे सगळ्या डब्या एकत्र ठेवून मोबाइलवरून सिंक करायच्या, मग ब्लूटूथची गरज संपली. पुढे प्रत्येक डबी आपापल्या घड्याळावर चालते. ‘ह्यो डबो कसलो रे?’ हे मात्र दर किनाऱ्यावर ऐकावं लागतं.

खरी परीक्षा दशावताराची, कारण नाटक उजाडेपर्यंत चालतं. कंपनीचा दावा २४ तासांत फार तर एक फ्रेम सरकण्याचा आहे. सेकंदाला २५ फ्रेम धरल्या तर एक फ्रेम म्हणजे ४० मिलिसेकंद. पहाटेच्या युद्धप्रसंगात झांजा एकमेकींवर आदळतात ती फ्रेम आणि आवाजाचा ठोका टाइमलाइनवर ताणून पाहिला, बरोबर बसला. नुसत्या कॅमेऱ्यांच्या घड्याळांवर सोडलं की पहाटेपर्यंत ओठ आणि ओव्या वेगळ्या व्हायच्या.

एफएक्स६ला टाइमकोडचं (टीसी) बीएनसी सॉकेट आहे. मेनूत इनपुट आणि फ्री रन (आकडा सतत चालू) ठेवा. रेक रन ठेवलं तर रेकॉर्डिंगसोबत आकडाही थांबतो, मग सगळंच व्यर्थ. पॉकेट ६के ३.५ एमएमच्या ऑडिओ सॉकेटमधूनच टाइमकोड ओळखतो. मिररलेसमध्ये तो आवाजाच्या ट्रॅकवर जातो, जुन्या फॅक्ससारखा किरकिरत. डबीचं आउटपुट माइक लेव्हलवर हवं, नाहीतर सिग्नल फाटतो. पुढे दा विंची रिझॉल्व्ह या एडिटिंग सॉफ्टवेअरमध्ये ‘अपडेट टाइमकोड फ्रॉम ऑडिओ ट्रॅक’ केलं की झालं. या कॅमेऱ्यात मागाहून उपयोगी पडणारा सभोवतालचा आवाज मात्र त्या ट्रॅकपुरता गमवावा लागतो, ते मला अजून खटकतं.

एकदा भाड्याने आणलेला एक कॅमेरा सेकंदाला २३.९७६ फ्रेमवर लावून आला होता, त्या वेळी बाकी सगळे २४ वर. तासाभरात आकड्यांत ३.६ सेकंदांची तफावत पडते. डबी कितीही चांगली असली तरी त्याला इलाज नाही. आधी फ्रेमरेट तपासा, मग सिंक. आणि लाइव्ह स्विचिंगसाठी घेत असाल तर थांबा, तिथे काम जेनलॉकचं, म्हणजे सगळ्या कॅमेऱ्यांचे सेन्सर एकाच तालावर चालवणाऱ्या सिग्नलचं. टाइमकोड फ्रेमला फक्त नंबर देतो, सेन्सरची वेळ जुळवत नाही.

तक्रार म्हणाल तर एका दुकानातून घेतलेल्या स्वस्त केबलींची. खाऱ्या वाऱ्याने महिन्यातच जॅक खरखरायला लागले. आता होडीवरचा जॅक टेपने बांधतो, संध्याकाळी कोरड्या फडक्याने पुसतो. बजेट कमी असेल तर एखाद्या कॅमेऱ्याची डबी वगळा, पण रेकॉर्डरची नको.