आम्लमुक्त दस्तऐवज पेटी : ग्रंथपाल-इतिहासकाराच्या कागदांना कितपत पुरते?

विद्यापीठाचा ग्रंथपाल, त्यातून स्थानिक इतिहास लिहिणारा, म्हणजे त्याच्या खासगी संग्रहात सगळ्या जातीचे कागद असणार: पत्रांच्या कार्बन प्रती, वर्तमानपत्रांची कात्रणे, गावठाणाचे निळे नकाशे (ब्लूप्रिंट), फोटो, एकेका प्रकरणाचे तीन-तीन खर्डे आणि रद्द झालेल्या तालिकापत्रांच्या (ग्रंथालयाच्या पुस्तकसूचीतल्या कार्डांच्या) कोऱ्या पाठीवर केलेली शेकडो टिपणे. अशा संग्रहासाठी धातूच्या कडांची, झाकण मागे उघडणारी उभी आम्लमुक्त पेटी सर्रास सुचवली जाते. पत्रे आणि खर्डे यांच्यासाठी ती उत्तम आहे. टिपणांसाठी नाही, आणि अशा संग्रहाचा जीव बहुतेकदा टिपणांतच असतो.

आधी पुठ्ठा पाहा. ‘आम्लमुक्त’ असे कोणीही छापू शकतो. लिग्निन (कागद पिवळा पाडणारा लाकडातला घटक) नको, सामू (पीएच; 7 च्या खाली आम्लधर्मी, वर अल्कधर्मी) 7.5 ते 10 हवा आणि आम्ल शोषणारे कॅल्शियम कार्बोनेट किमान 2 टक्के हवे. हे विक्रेत्याकडून लेखी घ्या. सामू तपासायच्या पेनाची रेघ जांभळी उमटली तर ठीक, पिवळी पडली तर पुठ्ठा आम्लधर्मी. पण नुसत्या पृष्ठभागावर रेघ ओढून समाधान मानू नका. आतल्या घडीचा एक कोपरा कापा आणि कापलेल्या कडेवर पेन फिरवा. वरखाली चांगला कागद चिकटवून मध्ये साधा रद्दीचा पुठ्ठा घातला असेल, तर दोन जांभळ्या रेघांमध्ये पिवळी पट्टी दिसते. ही शाई निघत नाही, त्यामुळे मूळ कागदावर तिचा प्रयोग अजिबात नको. लिग्निन मात्र या पेनाने कळत नाही.

जाडीत 12.5 सें.मी. आणि त्याच्या निम्मी, असे दोन प्रकार मिळतात. निम्मी घ्या. मोठी पेटी अर्धवट भरली की फोल्डर घसरून वाकतात आणि कागदाच्या खालच्या कडेला बसलेला बाक पुन्हा सरळ होत नाही. मग पुठ्ठ्याचा आधार घालून जागा भरावी लागते. गच्च भरली तर फोल्डर ओढताना कडा फाटतात. फोल्डरच्या तळाशी समांतर दाबरेषा असतात. जाडी वाढेल तशी पुढची रेषा दुमडून तळ सपाट करायचा असतो. बहुतेक जण हे करत नाहीत, तळ टोकदार राहतो आणि सगळा भार मधल्या दोन-चार कागदांवर येतो. एका फोल्डरमध्ये सेंटिमीटरभर कागद पुरेत.

आता तालिकापत्रे. 7.5 × 12.5 सें.मी.चे कार्ड या पेटीत तळाला जाते, आडवे होते, आणि क्रम गेला की गेला. तो क्रम वर्णानुक्रम नसतो. लेखकाने प्रकरण कसे रचले याचा तो आराखडा असतो. म्हणून कार्डांचा खण रिकामा करण्याआधीच प्रत्येक कार्डाच्या कोपऱ्यात 2बी पेन्सिलने क्रमांक घाला आणि कार्डांच्या मापाच्याच, दुभाजक असलेल्या पेटीत ती उभी ठेवा. स्कॅन दोन्ही बाजूंचे हवे. पुढच्या बाजूवरचे ग्रंथाचे प्रकाशनवर्ष हाच मागच्या टिपणाच्या काळाचा पुरावा असतो: 1968 साली निघालेल्या पुस्तकाच्या कार्डावरचे टिपण त्याआधीचे असूच शकत नाही. तारीख नसलेल्या टिपणांना याहून भक्कम आधार सहसा मिळत नाही, आणि एकच बाजू स्कॅन केली की तोही जातो.

निळे नकाशे या अल्कधर्मी पेटीत मुळीच घालू नका. अल्काने त्यांचा निळा रंग उडतो. त्यांना कॅल्शियम कार्बोनेट न घातलेला, सामू सातच्या आसपासचा फोल्डर लागतो, तोही आडवा, मोठ्या मापाचा. फोटोंसाठी आयएसओ 18916 चाचणीत (वेष्टनाचा फोटोवर रासायनिक परिणाम होतो का, हे पाहणाऱ्या) उतरलेले कागद किंवा पॉलिएस्टरची पाकिटे घ्या, पीव्हीसीची नकोत. कात्रणे पत्रांना चिकटून राहिली तर पत्रावर कात्रणाच्या आकाराचा तपकिरी डाग उमटतो. ती वेगळ्या फोल्डरमध्ये काढा आणि मूळ जागी कुठे हलवली त्याची चिठ्ठी ठेवा. रबरबँड आणि गंजक्या टाचण्या आधीच काढा, पण टाचणीने कोणते कागद एकत्र होते तेही लिहून ठेवा.

पेटीसोबत येणारी चिकट लेबले बाजूला ठेवा. डिंक सुकला की ती गळतात आणि पेटी निनावी होते. धातूची लेबलचौकट असलेली पेटी थोडी महाग पडली तरी तीच घ्या, आणि संग्रहाचा क्रमांक पुठ्ठ्यावरही पेन्सिलने लिहा.