घरी केलेले दागिने, आठ महिन्यांनंतर

सुरुवात एका निळ्या बटणाच्या जोडीपासून झाली. भाचीच्या आखूड झालेल्या फ्रॉकची बटणं होती, त्यांना हुक लावून कानातलं करून दिलं. तेव्हापासून आठ महिने कागद, क्ले, काचमणी, लोकर, जे हाताला लागेल त्याचे दागिने करतेय. केल्या दिवशी सगळंच गोड दिसतं, म्हणून मुद्दाम थांबले होते. आता जे अजून कानात-हातात आहे आणि जे डबीत तुटून पडलंय, दोन्ही बघून लिहितेय.

सगळ्यात जास्त रमले ती क्विलिंगच्या, म्हणजे कागदाच्या पट्ट्या गुंडाळून केलेल्या झुमक्यांत. 3 मिलिमीटर रुंदीच्या पाच-सहा पट्ट्या टोकाला टोक चिकटवून एकच लांब पट्टी करायची, तिची घट्ट चकती गुंडाळायची, शेवटचं टोक चिकटवून सुकू द्यायचं. मग अंगठ्याने मधून हळूहळू वर ढकलत, चकती फिरवत घुमट काढायचा. इथे घाई अजिबात चालत नाही. एकदम दाबलं की मधला भाग सुरळीसारखा बाहेर येतो आणि चकती पुन्हा गुंडाळावी लागते. घुमट जमला की आतून पांढऱ्या गोंदाचा हात द्यायचा. एकच हात दिलेले माझे झुमके दोन महिन्यांत चपटे झाले. रात्रभर सुकवून दुसरा हात दिलेले मात्र जसेच्या तसे आहेत. वरून वॉर्निश लावलं तर पाण्याचे शिंतोडे सोसतात, पण भिजले तर गेलेच. पाऊस लागला की मी काढून पर्समध्ये ठेवते.

हवेत सुकणारी क्ले स्वस्त आणि सोपी. सुकताना ती आकसते, त्यामुळे कडांना तडे जातात. पातळ लाटून, अधूनमधून उलटत सावकाश सुकवली तर हे बरंच कमी होतं. तडा गेलाच तर त्याच क्लेत थेंबभर पाणी घालून केलेली पेस्ट भरायची. शेपटी, कान, मिशा असले नाजूक भाग तिच्यात करू नयेत. माझ्या पाच मांजरांपैकी तिघींच्या शेपट्या गेल्या. पॉलिमर क्ले खूपच चिवट, पण ती ओव्हनमध्ये भाजावी लागते आणि पाकिटावर लिहिलेलं तापमान काटेकोर पाळावं लागतं. करपली तर धूर त्रासदायक असतो. तिच्यावर नेलपॉलिश लावू नका. चकाकीसाठी मी ढगांच्या एका सेटला लावलं. काही आठवड्यांत ते चिकट झाले आणि धूळ धरून राखाडी पडले.

गोंदाने मला सगळ्यात जास्त रडवलं. ग्लू गनचा गोंद गुळगुळीत धातूवरून साल निघावी तसा सुटतो. झटपट चिकटणाऱ्या सुपर ग्लूची वाफ बसून खड्याभोवती पांढरट डाग पडतो आणि धक्का लागला की जोड तटकन सुटतो. दोन ट्यूबांचा इपॉक्सी वापरायला लागल्यापासून एकही टॉप्स निखळलेला नाही. धातूची चकती आधी सँडपेपरने खरवडून घेते, स्पिरिटने पुसते आणि चिकटवल्यावर 24 तास हात लावत नाही.

जंप रिंग, म्हणजे जोडायची बारीक कडी, हा अगदी छोटा भाग, पण सगळा भार त्याच्यावर. दोन पकडींत तिची दोन टोकं धरून एक पुढे, एक मागे असं वळवून उघडायची आणि तशीच उलट वळवून बंद करायची. टोकं बाजूला फाकवली तर गोल बिघडतो, फट राहते आणि लोलक कधी पडला कळतही नाही.

मणी, कागद, बटणं कितीही स्वस्त घ्या, कानात जाणारा हुक मात्र चांगला घ्या. स्वस्त हुकांनी भाचीच्या पाळ्या लाल झाल्या, खाज सुटली. बहुतेक वेळा हा निकेलचा त्रास असतो. सर्जिकल स्टीलमध्येही थोडं निकेल असतंच, ते बाहेर कमी येतं इतकंच. ज्यांना ॲलर्जी आहे त्यांच्यासाठी मी आता फक्त टायटॅनियमचे हुक लावते. भाचीच्या निळ्या बटणांनाही तेच लावले, आणि ती बटणं तिच्या कानात अजून आहेत.

इलॅस्टिकची ब्रेसलेट्स चालली ती दोरा ओवण्याआधी चांगला ताणून घेतला म्हणून. नाहीतर आठवड्यात सैल होतात.

सध्या श्रिंक प्लॅस्टिकवर छत्र्या रंगवतेय. तापवलं की हे चित्र निम्म्याहून लहान आणि चांगलं जाड होतं, रंगही गडद होतात, म्हणून फिकेच भरावे लागतात. पहिल्या चार छत्र्यांना भोक पाडायचं राहिलं आणि तापवल्यावर प्लॅस्टिक इतकं कडक झालं की पंच चालेना. पुढच्या सहांना आधीच भोकं पाडून ठेवली आहेत.