मिरकरवाड्यातल्या बोट इंजिनवाल्या चाचांकडे आरसी (रिमोट कंट्रोलच्या) गाडीचे जाम स्क्रू काढून घेतले, त्याचा अनुभव

रत्नागिरीत किंवा आजूबाजूला आरसी गाडी चालवणारे जे कोणी असाल त्यांच्यासाठी मुद्दाम लिहितोय, कारण स्क्रू जाम झाला की दाखवायचं कुणाला हाच आपला मोठा प्रश्न असतो. मोबाईल रिपेअरवाला म्हणतो एवढा मोठा स्क्रू माझ्याकडे नाही, गॅरेजवाला म्हणतो एवढा बारीक नाही, आणि एका स्क्रूसाठी गाडी मुंबईला कुरिअर करायची म्हणजे स्क्रूपेक्षा कुरिअर महाग.

माझी 1/10 स्केलची बग्गी आहे, ब्रशलेस मोटरवाली. रविवारी भाट्याच्या किनाऱ्यावर ओल्या वाळूत पळवतो, कधी मांडवीला. पावसाळाभर ती कपाटात पडून राहिली आणि गणपतीनंतर पिन्यन (मोटरच्या शाफ्टवरचं छोटं दातेरी चाक) बदलायला घेतली तर एकही स्क्रू हलेना. मोटर धरून ठेवणारे दोन, चासिसच्या खालून मोटरच्या माऊंटमध्ये गेलेले चार, आणि पिन्यन शाफ्टवर आवळून धरणारा बिनडोक्याचा ग्रब स्क्रू, म्हणजे सगळे मिळून सात. खारं पाणी आणि ॲल्युमिनियममध्ये पोलादी स्क्रू, दोन वेगळे धातू, त्यामुळे आट्यांत पांढरी भुकटी धरून सगळं एकजीव झालेलं. त्यात मी हातातला ॲलन कीचा (षटकोनी चाव्यांचा) सेट लावला तो इंचाचा निघाला. 3/32 म्हणजे 2.38 मिमी, आणि मोटरच्या स्क्रूला पाहिजे पूर्ण 2.5, चावी आत जाते, बसल्यासारखी वाटते आणि जोर लावला की भोक गोल करून मोकळी होते. दोन्ही स्क्रू तसेच गेले. तुमच्या सेटवर मिमी लिहिलंय की इंच हे आधी बघा, मगच गाडीला हात लावा.

शेवटी शेजारचे काका, ज्यांची बोट आहे, ते म्हणाले अरे मिरकरवाड्यात जा, त्यांचं रोजचं कामच गंजलेले बोल्ट काढायचं आहे. जेटीकडे उतरताना बोट इंजिनांची जी वर्कशॉपं आहेत त्यातलं एक. पाटी नाही, बाहेर आऊटबोर्ड मशीन (बोटीच्या मागे लावायची इंजिनं) उलटी टांगलेली असतात. मालकाला सगळे चाचा म्हणतात, मीही चाचाच म्हणालो. मला वाटलं खेळणं म्हणून परत पाठवतील, पण त्यांनी चष्मा लावला, गाडी उलटी करून उजेडात धरली आणि पहिलं विचारलं, "वाळूत चालवतोस काय रे?"

मग त्यांनी पाना घेतलाच नाही, सुई घेतली. खालच्या स्क्रूंच्या षटकोनी भोकात वाळू आणि मीठ दगडासारखं घट्ट बसलेलं होतं, ते टोकरून टोकरून काढलं, ब्रश मारला, तळ दिसेपर्यंत. म्हणाले भोक अर्धं भरलेलं असेल तर चावी वरच्यावर बसते आणि कडा खाते, निम्मे स्क्रू इथेच मरतात. हे मला इतक्या वर्षांत कुणी सांगितलं नव्हतं. नंतर प्रत्येकावर गंज सोडवायच्या तेलाचा एक थेंब, आणि गाडी बाजूला ठेवून दिली ती दीड तास. तोवर ते एका इंजिनाच्या वॉटर पंपावर काम करत होते, मी चहा पिऊन आलो.

परत आलो तेव्हा चावी लावून तिच्या डोक्यावर छोट्या हातोडीने दोन टकटक, मग आधी घट्ट करायच्या दिशेला जरासा दाब, आणि मग उलटा. "टक" असा बारीक आवाज आला की स्क्रू सुटला समजायचं. चासिसचे दोन असेच निघाले. तिसऱ्याचं 2 मिमीचं भोक गोल झालेलं, त्यात त्यांनी टी8 टॉर्क्स (चांदणीच्या आकाराचा) बिट ठोकून बसवला, तो कडा धरतो, हळूहळू आला बाहेर. चौथा मात्र आलाच नाही. त्याचं डोकं 3.2 मिमीच्या ड्रिलने उडवलं, षटकोनी भोक मध्येच असल्यामुळे ड्रिल सरकत नाही, आणि डोकं गेल्यावर माऊंट सरळ उचललं गेलं. मागे राहिलेला दांडा लॉकिंग पक्कडीत धरून फिरवला तर बराच हलका फिरला, कारण ताण डोक्याचाच होता. मी घरी हा प्रयोग केला असता तर चासिसचं भोक वाकडं केलं असतं. मोटरचे दोन स्क्रू कॅप हेडचे (गोल, उभ्या डोक्याचे), डोकं चांगलं 3 मिमी उंच असतं, ते बाहेरून पक्कडीत धरूनच आले.

ग्रब स्क्रूला निळं थ्रेडलॉक (स्क्रू ढिला होऊ नये म्हणून आट्यांना लावायचा गोंद) होतं. ते गरम केलं की नरम पडतं (लाल असतं तर 250 अंशांच्या पुढे जावं लागलं असतं, म्हणून छोट्या स्क्रूला लाल लावूच नका). मी सांगितलं की मोटरमध्ये चुंबक आहे, तापलं तर त्याची ताकद जाते. त्यांनी शाफ्टला ओलं फडकं गुंडाळलं, सोल्डरिंग आयर्नचं टोक फक्त स्क्रूवर टेकवलं, थोडा वेळ, आणि 1.5ची चावी लावली, फिरला. गॅस टॉर्च शेजारीच पडलेली होती पण हात लावला नाही, यासाठी मला त्यांचं फार कौतुक वाटतं.

पैसे 200 घेतले. सात स्क्रूंचे, अर्धा दिवस ठेवून. मला हे फारच कमी वाटतं, मी जास्त द्यायला गेलो तर घेतले नाहीत, वर मरीन ग्रीसची चिमूट कागदात बांधून दिली, नवे स्क्रू बसवताना आट्यांना लावायला. धातूत धातू असेल तिथेच हां, आणि जिथे थ्रेडलॉक लागतं तिथे ग्रीस नाही. प्लास्टिकमध्ये जाणाऱ्या स्क्रूला काहीच नको, तो आधी उलटा फिरवायचा, जुन्या आट्यात टपकन बसला की मग घट्ट करायचा.

जपानी किटवाल्यांसाठी एक. त्यांचे प्लस दिसणारे स्क्रू साध्या फिलिप्सने घसरतात, त्यांना जेआयएसचा (जपानी मापाचा) ड्रायव्हर लागतो, कित्येकदा डोक्यावर बारीक ठिपका असतो त्यावरून ओळखू येतात. चाचांकडे तो जपानी आऊटबोर्डसाठी ठेवलेलाच आहे.

अडचणीही आहेत. बसायला जागा नाही, गाडी लावायला तर नाहीच, मासळी उतरायच्या वेळी तिकडे जाऊ नका. शुक्रवारी दुपारी बंद. आणि मासेमारीची बंदी 1 जून ते 31 जुलै असते, तेव्हा सगळ्या बोटींची इंजिनं दुरुस्तीला येतात, जुलैअखेर तर त्यांना मान वर करायला फुरसत नसते, त्या दिवसांत आपलं काम नेणं बरोबरही नाही. पार्ट त्यांच्याकडे मिळत नाहीत, एम3चे (3 मिमी जाडीचे) नवे स्क्रू स्वतः घेऊन जा. बॅटरी काढून न्या, बॉडी घरी ठेवा, तिथे पेट्रोलने हात-पार्ट धुणं चालू असतं आणि पॉलिकार्बोनेटच्या बॉडीवर ते उडालं तर तडे जातात.

मी आता भाट्याहून आलो की त्याच संध्याकाळी गोड्या पाण्याने ओल्या फडक्याने पुसतो, फुंकून वाळवतो, स्क्रूंवर तेलाचा हात फिरवतो. मांडवीची काळी वाळू मात्र बंद केली, तिच्यातले लोखंडाचे कण मोटरच्या चुंबकाला चिकटून बसतात. मागच्या चाकाच्या हबमधला एक स्क्रू अजून तसाच जाम आहे, त्यावर रोज एक थेंब तेल सोडतोय, येत्या शनिवारी चाचांकडे घेऊन जाणार.