बिल टी-सिक्सचं, माल मात्र कच्चा

ॲल्युमिनियमचं कास्टिंग करून जे हीट ट्रीटमेंट बाहेरून करून घेतात, त्यांनी हे जरूर वाचावं. कोल्हापूरच्या शिरोली, गोकुळ शिरगाव, उद्यमनगर, कुठंही युनिट असो. माझं लाखाच्या घरात नुकसान झालंय आणि तोच माणूस आजही दुसऱ्यांचा माल घेतोय.

आम्ही एलएम-25 मध्ये, म्हणजे सिलिकॉन आणि थोडं मॅग्नेशियम असलेल्या ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूत, ब्रॅकेट ओततो. गिऱ्हाइकाला ते टी-सिक्स लागतात. म्हणजे 540 अंशाच्या आसपास काही तास भट्टीत ठेवायचे, बाहेर काढल्या काढल्या पाण्यात बुडवायचे आणि मग 160-170 अंशाला पुन्हा काही तास तापवायचे. पहिल्या तापवण्यात मॅग्नेशियम आणि थोडं सिलिकॉन ॲल्युमिनियममध्ये विरघळतात. पाण्यात टाकल्यावर त्यांना बाहेर पडायला वेळच मिळत नाही, आणि दुसऱ्या तापवण्यात ते अतिशय बारीक कणांनी बाहेर येतात. ताकद त्या कणांची. भट्टीतून काढून पाण्यापर्यंत न्यायला उशीर झाला तरी कण जाड होतात आणि ताकद जाते.

या सगळ्यात माल दिसायला बदलत नाही. रंग तोच, वजन तेच. फसवणाऱ्याला एवढं पुरतं.

या हीट ट्रीटमेंटवाल्याचा दर बाकीच्यांपेक्षा कमी होता. "काय काळजी करू नका मालक, रिपोर्टसकट देतो," म्हणाला. रिपोर्ट येतही होता, हार्डनेस (कठीणपणा) 95 ब्रिनेल, लॅबचा शिक्का. एलएम-25 टी-सिक्सला 90 ते 110 अपेक्षित असतं, त्यामुळं शंका घ्यायला जागा नव्हती. मग गिऱ्हाइकाकडं बोल्ट आवळताना आटे निघून यायला लागले आणि अख्खा लॉट परत आला. प्रत्यक्ष ब्रॅकेटवर हार्डनेस घेतला तर सत्तरच्या आसपास.

त्याची युक्ती नंतर कळली. मालासोबत आम्ही तपासणीसाठी जो वेगळा तुकडा, म्हणजे टेस्ट बार द्यायचो, तेवढाच तो नीट ट्रीट करायचा. रिपोर्ट त्या बारचा, म्हणून तो खोटाही म्हणता येत नव्हता. ब्रॅकेट मात्र नुसते कमी तापमानाच्या ओव्हनमध्ये ठेवून बाहेर काढायचा. त्यानं हार्डनेस थोडा वाढतो, टी-सिक्सच्या जवळ जात नाही. 540 अंशाची वीज वाचली, बिल पूर्ण घेतलं.

जाब विचारला तर उलट आमच्यावरच ढकललं, "मेटलच बरोबर नाही तुमचं." आम्ही स्पेक्ट्रो, म्हणजे धातूत काय किती आहे त्याची तपासणी, करून घेतला. सिलिकॉन सात टक्क्यांच्या जवळ, मॅग्नेशियम हवं तेवढं. मग तुकडा कापून मायक्रोस्कोपखाली बघितला, आणि तिथं वाद संपला. मोठ्या तापमानाला काही तास राहिलेल्या मालात सिलिकॉनचे कण गोलसर होतात. आमच्या ब्रॅकेटमध्ये ते ओतल्यावेळचेच होते, टोकदार, लांबट. नुसत्या कमी तापवण्यानं सिलिकॉनचा आकार बदलत नाही, त्यामुळं हा पुरावा त्याला खोडता आला नाही. तरी पैसे त्यानं अर्धेमुर्धेच परत केले.

मशीनिंग न झालेला माल दुसरीकडं रीतसर ट्रीट करून वाचला. मशीनिंग झालेला गेला, कारण क्वेंचिंगमध्ये, म्हणजे गरम माल पाण्यात बुडवताना, तो वाकडा होतो आणि बोअरची (भोकांची) मापं राहत नाहीत. तो सगळा पुन्हा वितळवावा लागला. गिऱ्हाइकाचा विश्वास परत मिळवायचं काम अजून चालू आहे.

आता मी टेस्ट बार वेगळा देतच नाही. लॉटमधले कुठले नग तपासायचे ते माल परत आल्यावर मी निवडतो, हार्डनेस त्या नगांवरच घेतो, मगच बिल पास. भट्टीच्या रेकॉर्डरचा ग्राफ मागतो, त्यावर लॉट नंबर आणि दोन्ही तापवण्यांची वेळ दिसली पाहिजे. अधूनमधून एक नग कापून मायक्रो करून घेतो. त्याचा खर्च परत आलेल्या एका लॉटपुढं काहीच नाही. ग्राफ द्यायला जो टाळाटाळ करतो, त्याच्याकडं माल पाठवू नका, दर कितीही कमी असू दे.