सोनेरी फ्रेंच घड्याळ घ्यायचंय, पण कुठल्या काळातलं?

दोन घड्याळं शेजारी ठेवली तर लांबून फरक कळत नाही. दोन्ही नखशिखांत सोनेरी, दोन्हींवर क्युपिड नाहीतर व्हीनस या रोमन प्रेमदेवता, पांढऱ्या मिन्याच्या तबकडीवर रोमन आकडे आणि पॅरिसमधल्या कुणाचं तरी नाव. त्यातलं एक नेपोलियनच्या साम्राज्यकाळातलं, म्हणजे १८०४ ते १८१५ मधलं. दुसरं त्याच थाटाचं, पण १८७०-९० च्या सुमारास घडवलेलं. किमतीत मात्र कित्येक पटींचं अंतर.

तबकडीवरच्या नावावर भाळू नका. ते बहुधा घड्याळजीचं किंवा विक्रेत्याचं असतं. ब्राँझ ओतणारा वेगळा, मुलामा चढवणारा वेगळा. सोळाव्या लुईच्या काळात, म्हणजे राज्यक्रांतीआधी, तर ही कामं व्यावसायिक संघांच्या नियमांनीच वाटलेली होती. ते संघ १७९१ मध्ये बरखास्त झाले आणि प्येर-फिलिप तोमीरसारख्या ब्राँझकारांना सगळी कामं एका छताखाली आणता आली. पण घड्याळाच्या ब्राँझवर त्यांची सही क्वचितच मिळते. ‘हे तोमीरचंच’ असं कुणी छातीठोकपणे सांगितलं, तर आधी कागद मागा.

मी स्वतः पैसे मोजेन ते मुलाम्यासाठी. जुन्या पद्धतीत सोनं पाऱ्यात कालवून त्याचा लगदा ब्राँझवर फासत आणि तापवत. पारा वाफ होऊन उडून जाई, सोनं धातूला घट्ट धरून राही. मग कारागीर काही भाग अगेटच्या (अकीकच्या) दगडाने घासून आरशासारखा करी आणि काही मुद्दाम मंद ठेवी. म्हणून चांगल्या घड्याळात देवीची कांती मखमली दिसते आणि वस्त्राचा काठ लखलखतो. १८४० नंतर विजेच्या साहाय्याने मुलामा देणं सुरू झालं. तो थर पातळ आणि सगळीकडे एकसारखा. नाक, गुडघे, कोपरे आधी उघडे पडतात. तरी एवढ्यावर काळ ठरवू नका, कारण चांगल्या कारखान्यांत पाऱ्याचा मुलामा पुढेही चालूच होता. आकृती मागून पाहा. नवा साचा जुन्या मूर्तीवरूनच काढला असेल तर ओतीव काम किंचित लहान आणि बोथट येतं; बोटं, केसांच्या बटा विरघळल्यासारख्या दिसतात.

या झळाळीची किंमत कामगारांनी आपल्या आरोग्याने मोजली. आंद्रे-आंत्वान राव्रियो हा स्वतः नामांकित ब्राँझकार; १८१४ मध्ये तो वारला, तेव्हा मुलामा देणाऱ्यांना पाऱ्याच्या वाफेपासून वाचवणारा उपाय शोधणाऱ्यासाठी त्याने मृत्युपत्रात ३००० फ्रँक ठेवले होते. दार्से नावाच्या रसायनशास्त्रज्ञाने धूर ओढून नेणारी भट्टी सुचवून ते बक्षीस मिळवलं.

आता यंत्राकडे वळू. साम्राज्यकाळातल्या घड्याळात लंबक रेशमी दोऱ्याच्या फासात लटकतो. दोरा गुंडाळला की लंबक वर जातो आणि घड्याळ पुढे धावतं; सैल सोडला की मागे पडतं. रेशीम हवेतला ओलावा शोषतं, त्यामुळे मुंबईच्या किंवा कोकणातल्या पावसाळ्यात वेळ भरकटणार हे धरूनच चाला. नंतरच्या घड्याळांत आशिल ब्रोको याच्या पद्धतीची पोलादी पट्टी असते आणि १२ च्या वरच्या छोट्या छिद्रात किल्ली फिरवून वेग जुळवता येतो. रोज चालवायचं असेल तर हे सुखाचं. जुन्या पद्धतीचे टोले मोजणारं चाक असलेल्या यंत्रात काटे घाईने पुढे फिरवले की पाच वाजता तीन टोले पडू शकतात. हे चाक मात्र दोन्ही काळांतल्या घड्याळांत सापडतं.

मागचं झाकण उघडून यंत्रावरचा शिक्का वाचा. ‘१८१० चं’ म्हणून दाखवलेल्या घड्याळात पॅरिसच्या १९०० च्या जागतिक प्रदर्शनातल्या सुवर्णपदकाचा शिक्का निघाला, तर पुढचं ऐकत बसू नका.

माझा कौल असा: भिंतीपाशी ठेवून रोज टोले ऐकायचे असतील तर एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धातलं ब्राँझ घड्याळ घ्या आणि त्याला उत्तरार्धातलंच दाम द्या. कारागिरीसाठी घेत असाल तर मोठ्या, आकृत्यांनी भरलेल्या नकलेपेक्षा सोळाव्या लुईच्या काळातलं, पांढऱ्या संगमरवरी खांबांचं, फुलांच्या माळांचं छोटं अस्सल घड्याळ बरं. जस्ताच्या मिश्रधातूची मूर्ती असेल तर तळाशी, न दिसणाऱ्या जागी हलका ओरखडा काढून पाहा. खालून पिवळ्याऐवजी राखाडी धातू दिसेल. ते ब्राँझच्या भावात नको.

चोरबाजारातल्या मटण स्ट्रीटवर असली घड्याळं अधूनमधून दिसतात, पण बाहेरचं ब्राँझ एका घड्याळाचं, यंत्र दुसऱ्याचं अशी जोडणी तिथे पदोपदी गृहीत धरा. परदेशी स्थायिक मुलाकडे पुढे पाठवायचा विचार असेल तर भारतात घेऊच नका: १९७२ च्या पुरावस्तू कायद्यामुळे १०० वर्षांहून जुनी कलावस्तू खासगी व्यक्तीला देशाबाहेर पाठवता येत नाही. आणि कुठूनही घ्या, गाडीत ठेवण्याआधी लंबक काढून वेगळा गुंडाळा. पितळ चकाकवायचं पॉलिश तर घड्याळाच्या जवळही नेऊ नका. काळपटपणाबरोबर सोनंही निघून येतं.